एक खोली, तीन मेल आणि दोन वेगळे क्रम

दापोली तालुक्यात केळशी ते हर्णै ह्या पट्ट्यात आमच्या काकांचं घर आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लोक बुकिंगसाठी माझ्याच मागे लागतात. कौलारू घर, पुढे खळं, मागे वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं त्या दिवशी ह्या वाडीतले अर्ध्याहून जास्त माड नि पोफळी आडव्या झाल्या. पोफळ परत लावली तरी सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात, तोवर चूल कशी पेटायची म्हणून काकूने पडवीलगतच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आणि होमस्टे सुरू केला. त्यातली एक खोली शिमग्याला घरच्या चाकरमान्यांसाठी राखीव, म्हणजे पाव्हण्यांना द्यायला उरली एकच. हे सगळं रामायण त्या एका खोलीचं आहे.

काका पोस्टात होते, आयुष्यभर. त्यामुळे जे काय ते लेखी हवं. फोनवर बुकिंग घेत नाहीत, एकतर आमच्याकडे रेंज कुठे मिळेल तर विहिरीच्या कठड्यावर, आणि दुसरं म्हणजे "बोललेलं विसरतात, लिहिलेलं राहतं". म्हणून बुकिंग फक्त ईमेलवर. पत्ता जीमेलचा, एकच, पण बघणारे दोघं. काका फोनवर जीमेलचं ॲप उघडतात, आणि काकू पडवीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रॅममधे बघते, कारण तिला अक्षर मोठं लागतं आणि फोनवर टाइप करायला तिला बिलकुल आवडत नाही. थंडरबर्ड मीच लावून दिलेलं. मी चिपळूणला कॉम्प्युटरची कामं करतो, त्यामुळे घरात काही बिघडलं की पहिला आरोपी मी.

२०२५ ला धुळवड १४ मार्चला, शुक्रवारी आली. म्हणजे जोडून शनिवार-रविवार, गावात पालखी नाचवायचे दिवस, आणि वर मार्च म्हणजे कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचा हंगाम. त्या तीन दिवसांसाठी मारामारी होणार हे माहीतच होतं म्हणून काकांनी आधीपासून सगळ्या जुन्या पाव्हण्यांना लिहून टाकलं होतं की १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, सकाळी ८ पासून बुकिंग घेऊ, ज्याचा मेल आधी त्याला खोली. एवढंच. "ज्याचा मेल आधी." ह्या तीन शब्दांवर पुढे दीड महिन्याने घरात महाभारत झालं.

त्या दिवशी त्या तारखांसाठी तीन मेल आले. एक डोंबिवलीचं कुटुंब, एक पुण्याच्या बाई, एक ठाण्याचा मुलगा जो ऑफिसच्या मेलवरून लिहितो. नावं नकोत, डोंबिवलीकर, पुण्याच्या बाई आणि ठाणेकर एवढं पुरे. काकांनी दुपारची झोप काढून चार वाजून दहा मिनिटांनी विहिरीवर जाऊन फोन बघितला, सगळ्यात आधीचा मेल डोंबिवलीकरांचा, ८:१२ चा, दिली खोली, लिहिलं कन्फर्म. बाकीच्यांना नकार कळवायचं काम त्यांनी काकूवर सोडलं कारण नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. काकू संक्रांतीच्या गडबडीत, हळदीकुंकवाचं वाण भरत बसलेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर बसली, तिच्या यादीत सगळ्यात आधीचा मेल ठाणेकरांचा, ८:०३ चा. तिने त्यांना कन्फर्म केलं. आणि नकार कळवायचं काम तिने काकांवर सोडलं. दोघांनाही वाटलं समोरच्याने केलं असेल. पुण्याच्या बाईंना कुणीच काही कळवलं नाही, हे नंतर कळलं तेव्हा मला सगळ्यात वाईट त्यांचंच वाटलं.

२ मार्चला रविवारी मासे किती आणायचे ह्यावरून विषय निघाला. काका म्हणाले डोंबिवलीकर चौघं, सगळे खाणारे. काकू म्हणाली कोण डोंबिवलीकर, ठाणेकर येतायत, त्यांच्यातली एक शाकाहारी आहे. मग पासबुक काढलं, तर ॲडव्हान्सचे दोन-दोन हजार दोनदा आलेले, आणि दुसरे मुंबईच्या दादाने पाठवले असतील असं काका इतके दिवस धरून चालले होते. मला फोन आला. काकू पहिलं वाक्य काय बोलली तर "तू लावलेल्या त्या थंडरबर्डाने घात केला बघ". काका मागून ओरडत होते की तुझी काकू यादी उलटी वाचते.

मी संध्याकाळी पोचलो. दोघांना शेजारी बसवलं, एकाच्या हातात फोन, दुसरीच्या समोर कॉम्प्युटर, आणि दोन्हीकडचे तीन मेल आधीचा वर अशा क्रमाने कागदावर लिहून काढले. फोनवर: डोंबिवली ८:१२, पुणे १०:३१, ठाणे १२:४७. कॉम्प्युटरवर: ठाणे ८:०३, पुणे १०:३१, डोंबिवली रात्री ९:४२. तोच मेलबॉक्स, तेच तीन मेल, एकाच्या यादीत पहिला तो दुसऱ्याच्या यादीत शेवटचा, आणि पुण्याच्या बाई दोन्हीकडे मधे. म्हणजे यादी कशीही लावा, बाई दुसऱ्याच.

माझा पहिला संशय कॉम्प्युटरच्या घड्याळावर. जुनी मशीन, मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी गेली की तारीख मागे पडते हे नेहमीचं. पण घड्याळ बरोबर होतं, आणि तसंही आलेल्या मेलवर आपल्या कॉम्प्युटरचं घड्याळ तारीख टाकतच नाही, हे मला माहीत असून मी पाच मिनिटं त्यात घालवली. ती बॅटरी जाते तेव्हा बिघडतात ते आपण पाठवलेले मेल, समोरच्याच्या यादीत ते कुठल्यातरी जुन्या सालाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तो म्हणतो तुमचा मेल आलाच नाही.

खरा धागा काकूने दिला. ती डोंबिवलीकरांचा मेल वाचत होती आणि म्हणाली, "हे बघ, रात्री पावणेदहाला हा माणूस शुभ सकाळ म्हणतोय." मी सेंट फोल्डर उघडला. काकांचं कन्फर्मचं उत्तर १४ तारखेचंच, दुपारी ४:१०. म्हणजे प्रश्न रात्री ९:४२ ला आणि उत्तर त्याच दिवशी दुपारी सव्वाचारच्या आधी. पोस्टात ३४ वर्षं काढलेल्या माणसाला पण एवढी तत्परता जमणार नाही.

आता इथे थोडं आत शिरायला लागेल. प्रत्येक मेलच्या डोक्यावर आपल्याला सहसा न दिसणाऱ्या बऱ्याच ओळी असतात, हेडर म्हणतात त्यांना. थंडरबर्डमधे मेल उघडून कंट्रोल आणि यू दाबलं की दिसतात, जीमेल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधे उघडलं तर तीन टिंबांच्या मेनूत शो ओरिजिनल आहे तिथे दिसतात. त्यात डेट नावाची एक ओळ असते, ती पाठवणाऱ्याच्या मशीनने त्या मशीनच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली. आणि रिसीव्ह्ड नावाच्या अनेक ओळी असतात, मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपापली एक ओळ वर चिकटवतो, आधीच्यांना हात न लावता. त्यामुळे सगळ्यात खालची ओळ पहिल्या सर्व्हरची, सगळ्यात वरची आपल्या सर्व्हरची.

हे मी काकांना सांगायला लागलो आणि अर्ध्यातच त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "म्हणजे डेट ही पत्राच्या वर डाव्या-उजव्या कोपऱ्यात माणूस स्वतः तारीख लिहितो ती. आणि हे रिसीव्ह्ड म्हणजे आमचे शिक्के. टाकलेल्या पोस्टाचा एक, वाटपाच्या पोस्टाचा एक." मी म्हटलं अगदी तेच. "मग कोपऱ्यातल्या तारखेवर कोण विश्वास ठेवतो? लोक दहा तारखेला पत्र लिहून पंधराला टाकायचे आणि वीसला येऊन आमच्याशी भांडायचे की दहा दिवस लागले." इतक्या वर्षांत मला कॉम्प्युटरची गोष्ट काकांना समजावताना पहिल्यांदा असं वाटलं की हे मला समजावतायत.

थंडरबर्ड सुरुवातीला यादी लावतं ती डेटच्या कॉलमने, म्हणजे कोपऱ्यातल्या तारखेने. जीमेल यादी लावतं ती मेल गूगलच्या सर्व्हरने स्वीकारला त्या वेळेने, म्हणजे वाटपाच्या शिक्क्याने. दोघंही आपापल्या जागी बरोबर, चूक कुणाचीच नाही, फक्त आपण कशाने लावतोय हे दोघंही न विचारता सांगत नाहीत. सर्व्हर आणि मेल प्रोग्रॅम ज्या आयमॅप भाषेत बोलतात तिच्यात ह्या दोन वेळा सरळ वेगळ्या आहेत, सर्व्हर प्रत्येक मेलबरोबर स्वतःची एक इंटर्नल डेट ठेवतो, आणि २००८ च्या आरएफसी ५२५६ मधे, आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले नंबरवार कागद, वेळेने क्रम लावायचे प्रकारच दोन दिलेत, अरायव्हल म्हणजे पोचल्याप्रमाणे आणि डेट म्हणजे पाठवल्याप्रमाणे. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांना भांडण होणार हे माहीत होतं.

बरं, मग डोंबिवलीकरांच्या डेटमधे रात्र कुठून आली? त्यांच्या हेडरमधली ओळ मराठीत लिहायची तर अशी होती: मंगळवार, १४ जानेवारी २०२५, ०८:१२, आणि पुढे -०८००. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, तो सांगतो की ही वेळ जगाच्या प्रमाण वेळेपासून किती पुढे-मागे आहे. आपल्याकडून गेलेल्या मेलला +०५३० असतं. -०८०० म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा.

इथे मी दुसऱ्यांदा फसलो, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण पुष्कळ जण इथेच फसत असणार. गूगलचे स्वतःचे रिसीव्ह्डचे शिक्के पण पॅसिफिक वेळेतच, म्हणजे त्याच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत असतात, मेल डोंबिवलीतून दापोलीला आला तरी. त्यामुळे वर पण -०८००, खाली पण -०८००, मला वाटलं चला, सगळं एका मापात आहे, वाद नाही. मग आकडे बघितले तर वरचा गूगलचा शिक्का १३ जानेवारी, संध्याकाळी १८:४२, आणि खालची डेट १४ जानेवारी सकाळी ०८:१२. म्हणजे मेल लिहायच्या साडेतेरा तास आधी पोचला. साडेतेरा तास हा आकडा दिसला की समजायचं, आठ अधिक साडेपाच. गूगलच्या शिक्क्यात साडेतेरा तास मिळवले की भारतातली १४ तारखेची सकाळी ८:१२ येते, ती खरी वेळ. आणि डोंबिवलीकरांच्या डेटमधे साडेतेरा मिळवले की त्याच दिवशीची रात्री ९:४२ येते, जी थंडरबर्डने इमानेइतबारे दाखवली.

मी डोंबिवलीकरांना फोन केला, विहिरीवर उभं राहून. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, त्यावर विंडोज नव्याने टाकलेलं. विंडोज नव्याने टाकताना टाइम झोन कुणी निवडला नाही तर बऱ्याचदा पॅसिफिक राहून जातो. त्यांना घड्याळ चुकीचं दिसलं म्हणून त्यांनी काटे हाताने भारताच्या वेळेवर आणले आणि ऑटोमॅटिक वेळ बंद केली, पण झोन तसाच. समोर दिसणारी वेळ बरोबर, पण मशीनच्या मते आपण अमेरिकेत. ते म्हणाले, अहो म्हणूनच माझ्या कॅलेंडरात सगळ्या मीटिंगा अर्ध्या रात्री दिसतात, मी ते कॅलेंडर वापरणंच सोडलं. दोन वर्षं माणूस असा राहत होता. झोन कोलकात्याचा केला, ऑटोमॅटिक चालू केलं, विषय संपला. त्यांचा.

काकांचा चेहरा एवढ्यात फुलला होता. डोंबिवलीकर ८:१२, ठाणेकर १२:४७, खोली डोंबिवलीकरांची, काका बरोबर, काकू चूक. पण काकू म्हणाली, "थांबा जरा. ठाण्याच्या पोराचं घड्याळ पण चुकलंय का मग?"

नव्हतं चुकलं. ठाणेकरांची डेट ०८:०३, +०५३०, एकदम व्यवस्थित. त्याखाली त्यांच्या ऑफिसचे दोन शिक्के, दोन्ही ८:०३ चेच, काही सेकंदांच्या फरकाने. आणि सगळ्यात वर गूगलचा, १३ तारखेचा २३:१७ पॅसिफिक, म्हणजे आपला १४ तारखेचा दुपारी १२:४७. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिक्क्यात ४ तास ४४ मिनिटं. शिक्के असे खालून वर वाचत गेलं की मेल कुठल्या दोन ठाण्यांमधे रखडला ते दिसतं, कोकण रेल्वेची गाडी क्रॉसिंगला कुठे उभी होती ते जसं वेळापत्रकाशी ताडून कळतं तसं. त्या मुलाने आपल्या ऑफिसात विचारलं तेव्हा कळलं की त्याच सकाळी त्यांच्या कंपनीने सगळ्या ग्राहकांना तिळगूळ घ्या गोड गोड बोलाची हलणारी चित्रं मेल केली होती, आणि बाहेर जाणाऱ्या मेलची रांग दुपारपर्यंत तुंबली होती. संक्रांतीने घात केला म्हणायचा. मेलची व्यवस्था अशीच आहे, घेतो, ठेवतो, पुढे ढकलतो, समोरच्याने आत्ता नको म्हटलं तर नंतर परत प्रयत्न. आरएफसी ५३२१ म्हणते की परत प्रयत्न करताना साधारण निदान अर्धा तास थांबा आणि हार मानायच्या आधी निदान चार-पाच दिवस तरी बघा. म्हणजे मेल पाच दिवस वाटेत राहिला तरी तो नियमात बसतो, फक्त आपल्याला ईमेल म्हणजे क्षणात अशी सवय झालीय.

तर आता प्रश्न यंत्राचा राहिला नाही. ठाणेकरांनी खरोखर आधी पाठवला. डोंबिवलीकरांचा खरोखर आधी पोचला. आणि नियम होता "ज्याचा मेल आधी". काकू म्हणाली पोराने वेळेत बटण दाबलं, त्यात त्याचा काय गुन्हा, आठच्या ठोक्याला बसला असेल बिचारा. काका म्हणाले टेंडर घ्या, नोकरीचा अर्ज घ्या, पोचलेला धरतात, निघालेला नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मेलचे नियम लिहिणारे काकूच्या बाजूचे आहेत असं मला वाचताना वाटलं, निदान डेटच्या बाबतीत. आरएफसी ५३२२ मधे साफ लिहिलंय की डेट ही मेल खरोखर निघाला त्याची वेळ नव्हेच, माणसाने तो पूर्ण करून पाठवायला तयार केला ती वेळ. उदाहरण पण दिलंय, एखाद्याचा लॅपटॉप नेटला जोडलेला नाही आणि त्याने मेल रांगेत टाकून ठेवला, तर तारीख रांगेत टाकल्याची, नेट मिळाल्याची नाही. आमच्या गावात हे वाचलं की लिहिणारा इथे राहून गेलाय असं वाटतं, पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस नसते तेव्हा आमचे सगळेच मेल असे रांगेत.

कायदा मात्र दोन्ही वेळा वेगळ्या धरतो. माझी चुलत बहीण वकील आहे, तिला विचारलं, तिने माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ वाचून दाखवलं. दोघांमधे वेगळं काही ठरलं नसेल तर मेल पाठवला कधी धरायचा, तर तो पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या कॉम्प्युटरमधे शिरला तेव्हा. आणि मिळाला कधी, तर घेणाऱ्याने मेलसाठी म्हणून जो कॉम्प्युटर ठरवून दिलाय त्यात शिरला तेव्हा. पण ह्यातलं कुठलं "आधी" धरायचं हे कायदा का सांगेल, ते तुम्ही तुमच्या पत्रात लिहायचं होतं, असं ती म्हणाली आणि फी कुठे पाठवू विचारलं तर हापूसची पेटी म्हणाली.

मी माझं मत दिलं की पोचल्याची वेळ धरा. कारण एकच, सगळ्या शिक्क्यांत फक्त सगळ्यात वरचा आपल्या सर्व्हरचा, त्याच्यावरच आपला भरवसा. डेट तर कुणीही काहीही लिहू शकतो, फालतू जाहिरातींचे मेल पाठवणारे मुद्दाम पुढच्या तारखा टाकतात म्हणजे यादीत वर चिकटून राहतील. खालचे शिक्के पण खोटे बनवता येतात. उद्या कोणी मुद्दाम घड्याळ मागे करून सकाळी ८:०० चा मेल दुपारी पाठवला तर काय करणार? काकू म्हणाली आमच्याकडे असली माणसं येत नाहीत. येत नसतीलही.

पण मी हे बोलून गेलो आणि माझं मलाच चिपळूण आठवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, ओळखीच्या एका सीएच्या ऑफिसातली सगळी मशीन चिखलात. मेलचा बॅकअप घरच्या डिस्कवर होता म्हणून वाचला, मी ऑगस्टमधे तो नव्या सर्व्हरवर चढवला आणि खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी फोन, सगळे मेल एकाच दिवशी आलेत. आयमॅपमधे बाहेरून मेल चढवताना त्याच्याबरोबर तारीख द्यायची सोय आहे, पण ती दिली नाही तर सर्व्हर त्या क्षणाची वेळ टाकतो, आणि मी वापरलेलं टूल देत नव्हतं. तीन वर्षांचा पत्रव्यवहार, नोटिसांची उत्तरं, सगळं ऑगस्टच्या त्या एका संध्याकाळी पोचलेलं. तिथे पोचल्याच्या वेळेचा काडीचा उपयोग नव्हता, डेटच्या कॉलमनेच लावावं लागलं, कोपऱ्यातली तारीखच शेवटी कामाला आली. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, पोस्ट बुडालं तर शिक्के पण बुडणारच.

अजून एक भानगड, छोटी. काकूच्या थंडरबर्डमधे मी त्या दिवशी आधी ऑर्डर रिसीव्ह्ड हा कॉलम लावून बघितला होता, नावावरून वाटतं हाच तो. तिच्या बुकिंग फोल्डरमधे क्रम तिसराच आला, पुणे पहिल्या! दोन मिनिटं वाटलं नियती आहे. पण तो कॉलम वेळ बघतच नाही, फोल्डरमधे मेल ज्या क्रमाने पडले त्याचे नंबर बघतो, आणि काकूने इनबॉक्समधून ओढून ह्या फोल्डरमधे टाकताना आधी पुण्याचा टाकला होता एवढंच. मेल दुसऱ्या फोल्डरमधे हलवला की नंबर नवीन मिळतो. हवा तो कॉलम नुसता रिसीव्ह्ड, तो वरच्या शिक्क्याची वेळ दाखवतो. कॉलमच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह आहे तिथून चालू केला, डेट आणि रिसीव्ह्ड दोन्ही शेजारी ठेवले, आणि यादी रिसीव्ह्डने लावली. दोन्ही ठेवायचा फायदा असा की फरक डोळ्याला दिसतो, दोन-चार सेकंद असेल तर ठीक, तास असतील तर काहीतरी गडबड.

खोली डोंबिवलीकरांना दिली. ठाणेकरांना काकांनी स्वतः पत्र लिहिलं, मेल नव्हे, चांगलं आंतर्देशीय, आणि मग ते पोचेल की नाही म्हणून मला मेल पण करायला लावला, आणि शेजारच्या घरात त्यांची सोय केली, जेवण आमच्याकडे. तो मुलगा चांगला निघाला, हेडरचे फोटो मागवून घेतले, ऑफिसात दाखवले म्हणे. पुण्याच्या बाईंची काकूने फोनवर माफी मागितली, त्या म्हणाल्या मला वाटलंच होतं. १५ तारखेला सकाळी किनाऱ्यावर पिल्लं सोडायच्या वेळी दोन्ही कुटुंबं शेजारी उभी होती, ओळख काकूने करून दिली, "हे ८:१२ वाले, हे ८:०३ वाले".

काकांनी पुढच्या वर्षासाठी नियम नव्याने लिहिला, खळ्याकडच्या भिंतीवर पाटी आणि पाव्हण्यांच्या पत्रात पण तोच: मेल आमच्या पत्त्यावर पोचल्याची वेळ धरली जाईल, शंका असल्यास सर्वांत वरचा शिक्का प्रमाण. शिक्का म्हणजे काय असं विचारणारे चार मेल आले. आणि आता आलेला प्रत्येक मेल काका वहीत नंबर घालून लिहितात, कॉम्प्युटर काय म्हणतो ते बघू नंतर.

१४ जानेवारी २०२६ ला ठाणेकरांनी दोन मेल पाठवले, एक ऑफिसचा आणि एक घरच्या पत्त्यावरून. घरचा ८:०० ला पोचला. पुण्याच्या बाईंचा ८:०१.